काशिवादासानची जागा

९ जानेवारी

आले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा नाकातले केस गोठून टोचत होते आणि मी भर रस्त्यात एकटीच उभी राहून हसत होते. ओत्सुबेत्सु म्हणजे एक दुकान, एक पेट्रोल पंप, दुधाची डेअरी आणि बाकी सगळा बर्फ. लॉजच्या मालकीणबाई किनुयोसान फावड्याने अंगणातला बर्फ ओढत होत्या. त्यांनी माझी मोठी बॅग उचलायला हात घातला, तशी मी ओरडलेच, की तिला हात लावू नका. मग फार लाजले. त्यांनी विचारलं, आत नवरा बिवरा लपवलाय की काय. म्हटलं, नवऱ्यापेक्षा जड आहे आणि नवऱ्यापेक्षा कामाचीही. दोघी हसलो. जमेल आमचं.

बॅगेत माझी लेन्स आहे. माझी! उभा जन्म कॅमेऱ्यांच्या कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात गेला. लोकांच्या लेन्स उघडायच्या, बुरशी काढायची, भिंतीवरच्या रेघांच्या तक्त्याकडे बघून तपासायच्या आणि परत पाठवायच्या. त्या लेन्समधून मी तक्त्याशिवाय काही पाहिलंच नाही. निवृत्तीच्या जेवणात आमचे साहेब मामियासान बिअर पिऊन सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, की मिनोवासानचे हात सोन्याचे आहेत, पण फोटो काढायला डोळा लागतो आणि तो काही त्यांच्याकडे नाही. सगळे हसले. मीही हसले, हातात ग्लास धरून. ते हसू अजून डाचतंय.

म्हणून ही लेन्स घेतली आणि म्हणून इथे आले. हिवाळाभर लॉजवर उतरणाऱ्या फोटोवाल्यांच्या लेन्स साफ करून द्यायच्या, बदल्यात खोली आणि जेवण. आणि सकाळी पुलावर जाऊन क्रौंचांचा फोटो काढायचा. एकच, पण असा की मामियासानना गप्प बसावं लागेल.

१० जानेवारी

उजाडायच्या आधीच पुलावर गेले. नदी इथे गोठत नाही. तळातून कोमट झरे येतात म्हणून क्रौंच रात्रभर पाण्यातच उभे राहतात. सूर्य आला की पाण्यातून वाफ उठते, काठची झाडं पांढरीशुभ्र होतात आणि त्या वाफेत ते लाल माथे हलायला लागतात. मी नुसती बघत बसले. फोटो काढायचं राहूनच गेलं.

पुलाच्या कठड्याला लागून म्हाताऱ्यांची रांग असते. ओगावारासान सगळ्यांत वडीलधारे, आधी दुधाचा टँकर चालवायचे. तोगाशीसान पोस्टात होते आणि त्यांचं तोंड क्षणभर बंद नसतं. माझी लेन्स पाहून म्हणाले, की बाईंनी तोफ आणलीय, आता क्रौंच शरण येणार. रांगेचा कायदा एकच: ज्याचा ट्रायपॉड, त्याची जागा. माणूस कॉफी प्यायला जावो, गाडीत डुलकी काढो, घरी जाऊन आंघोळ करून येवो, त्याच्या ट्रायपॉडला कुणी बोट लावत नाही.

मला टोकाची जागा मिळाली. तिथून समोर विलोचं झाड आडवं येतं, अर्धी नदी दिसतच नाही. बरोबर मधली जागा मात्र काय सांगू! झाडांच्या मधून नदी थेट वळणापर्यंत उघडी. तिथे एक जुना ट्रायपॉड एकटाच उभा होता, वर कॅमेरा नाही, पायाला चिकटपट्टीवर पुसट झालेलं नाव. कुणाचा म्हणून विचारलं. सगळे आपापल्या कॅमेऱ्यांत बघायला लागले. शेवटी तोगाशीसान म्हणाले, की काशिवादासानचा आहे, येतील. मी सगळी सकाळ वाट पाहिली. कुणीही आलं नाही.

परत आल्यावर लेन्स बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड बांधलं आणि मगच आत आणली. इतक्या थंडीतली लेन्स उबदार खोलीत उघडी आणली की काचेवर आतबाहेर पाणी धरतं आणि मग बुरशीला आमंत्रणच. ती पिशवीतच हळूहळू ऊब घेते. किनुयोसानना वाटलं मी लोणचं मुरवत ठेवलंय.

११ जानेवारी

न्याहारीला किनुयोसानना सहज विचारलं, हे काशिवादासान कधी येतात. त्यांनी मिसोच्या सुपाची पळी खाली ठेवली आणि सांगायला लागल्या. काशिवादासान चार हिवाळ्यांपूर्वी नदीत गेले. ओसाकाहून एकटेच येत, दरवर्षी. एके सकाळी ट्रायपॉड जागेवर ठेवून नुसता कॅमेरा हातात घेऊन पुलाखाली उतरले. बर्फात पाण्यापर्यंत जाणारी पावलं सापडली, परतीची नाही. प्रेतही मिळालं नाही.

मला वाईट वाटलंच. पण रागही आला. काल सगळी सकाळ मला एका मेलेल्या माणसाची वाट बघायला लावली! म्हटलं असेल, बाई नवी आहे, चला गंमत करू.

१२ जानेवारी

मी तो ट्रायपॉड उचलला. नीट, आदराने. त्याच्यावरचा बर्फ झटकला, पाय मिटले, दोरीने बांधला, कठड्याला टेकवून ठेवला, वाकून नमस्कारही केला. मग तिथे माझा लावला.

रांगेतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. तोगाशीसानसुद्धा. ओगावारासान जवळ आले आणि हळूच म्हणाले, की मिनोवासान, तो होता तिथे ठेवा. मी म्हटलं, काशिवादासान आले तर मी स्वतःच्या हाताने जागा देईन आणि माफीही मागेन. ते माघारी गेले.  

आणि काय सकाळ मिळाली! आज धुकं जास्त होतं, फोटो जमला नाही, पण जमेल. आता जागा आहे.

१३ जानेवारी

एका गाढवाने आजची सकाळ घालवली. माझ्या झूमच्या रिंगवर दीडशेपासून सहाशेपर्यंत आकडे आहेत. दीडशेला सगळी नदी दिसते, सहाशेला एका क्रौंचाच्या डोळ्यातली चमक. सहाशेवर वळण न्याहाळत होते, तर क्रौंचांच्या मागे, वाफेत, एक माणूस गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा. काळं जाकीट, डोक्यावर कानटोपी. फोकसच्या त्या छोट्याशा चौकोनात बरोबर मावेल एवढा. मी ओरडले, की अहो, बाहेर या, पक्षी उडतील! सगळ्यांनी आपापल्या लेन्समधून पाहिलं. कुणालाच कुणी दिसेना. मीही नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, दुर्बिणीनेही पाहिलं. कुणी नाही. परत लेन्सला डोळा लावला, तर आहे.

तोगाशीसान म्हणाले, की बाईंच्या तोफेत दारूगोळा ओला झालाय. हसले मात्र नाहीत.

१४ जानेवारी

आजही तो होता. सहाशेवर चौकोनात मावेना, डोकं वर जात होतं. रिंग पाचशेवर आणली तेव्हा बरोबर बसला. म्हणजे काल होता त्यापेक्षा जवळ आला आहे. हे साधं गणित आहे, ते मला कुणी शिकवायला नको.

दोष लेन्सचा असेल तर तो मला सापडलाच पाहिजे. दुपारी टेबलावर स्वच्छ कापड पसरलं. आधी रबरी फुग्याने धूळ उडवली, मग मऊ ब्रश, मग कागदावर द्रवाचा एक थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे गोल गोल. फुंकर कधीच मारायची नाही. इथल्या थंडीत श्वास काचेवर बसला की तिथेच गोठतो आणि पुसायला गेलं की काचेवरचा लेप खरवडतो. टॉर्च लावून आत पाहिलं. एक कणही नाही. भिंतीवर तक्ता लावला, रेघ न् रेघ स्वच्छ.

पण कार्डावरच्या फोटोंत तो आहे. काल काढलेल्या सगळ्यांत.

१६ जानेवारी

काल चारशे. आज तीनशेच्या आसपास. मी ओगावारासानना हाताला धरून माझ्या जागेवर आणलं आणि म्हटलं, बघा. त्यांनी डोळा लावला.  मग त्यांच्या तोंडून एकच निघालं, की कानटोपी काशिवादासानच्या बायकोने विणलेली होती.

कठड्याखाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्या सकाळी काशिवादासान त्यांच्याच शेजारी होते. उतरताना म्हणाले, की ओगावारासान, जरा जागेकडे बघा, आलोच. हे म्हणाले, जा बिनधास्त, बघतो. पुढल्या हिवाळ्यात पोलिसांनी ट्रायपॉड परत केला, तर यांनीच आणून जागेवर लावला. चार हिवाळे रोज सकाळी त्याच्यावरचा बर्फ झटकतात. त्यांचं म्हणणं असं, की जागा राखलेली आहे तोवर काशिवादासानना घाई नव्हती. ते निवांत होते तिकडे. जागा गेली म्हणून परत निघालेत.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं? खरं आहे. ऐकलं नसतं.

संध्याकाळी किनुयोसान खोलीत येऊन बसल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, की बाई, एका फोटोसाठी कुणी एवढं करतं का? ठेवा तो ट्रायपॉड परत. मी शब्द दिला.

१७ जानेवारी

शब्द पाळला. ओगावारासाननी ट्रायपॉड मधे लावला, मी टोकाला गेले. तिथून लेन्समध्ये कुणीही नव्हतं. फक्त विलोच्या फांद्या. सगळ्यांचे चेहरे सैल पडले, तोगाशीसाननी मला कॉफीचा गरम डबा दिला आणि म्हणाले, की तोफ माघारी आली, तह झाला. मीही हसले.

तेवढ्यात वळणावर क्रौंचांची जोडी नाचायला लागली. पंख पसरून, उड्या मारत, चोची आकाशाकडे. ऊन बरोबर मागून, वाफ सोनेरी. माझ्या चौकटीत फांद्या. रांगेत सगळीकडून कॅमेऱ्यांची टकटक. आणि मधल्या जागेवर, जिथून ते सगळं पूर्ण दिसत होतं, तिथे तो रिकामा ट्रायपॉड उभा होता. कुणीच बघत नव्हतं तिथून.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या माणसाला जागा आणि जिवंत बाईला झाड! मी परत हसले. पुन्हा तेच, हातात डबा धरून. मामियासानसमोर हसले होते तसंच.

१८ जानेवारी

हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. आज परत मधल्या जागेवर गेले. ट्रायपॉड काढून ओगावारासानच्या हातात दिला. त्यांना सांगितलं, की वचन तुम्ही दिलंय, मी नाही. तुम्ही पाळलंत, फार केलंत, आता हे घरी न्या. आणि काशिवादासानना सांगायचं असेल तर त्यांना सांगा, की जागा मिनोवाने घेतली आहे. तुमच्यावर राग नको.

ओगावारासान रडले. मला त्यांचा जीव तुटताना दिसत होता, पण मी हलले नाही.

तो दोनशेवर आला आहे. एका दिवसाचा तह त्याने मानला नाही. चालतच राहिलाय.

१९ जानेवारी

रांग गेली. सगळे खालच्या पुलावर. तोगाशीसान जाताना म्हणाले, की मिनोवासान, चला, तिकडे माझ्या शेजारी लावा, मी सरकून घेतो. पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. मी आभार मानले. गेले नाही.

दीडशे. रिंग संपली. याच्यापुढे मागे जायला आकडा नाही.

त्याने तोंड वळवलंय.

जाकिटाची शिवण दिसते. बाहीवरचा बर्फ दिसतो, कानटोपीची वीण दिसते. चेहरा मात्र फोकस होत नाही. सगळं लख्ख आणि तेवढाच धूसर. मी हाताने फिरवून पाहिलं, पुढे, मागे. नाही होत. तक्त्यावर लेन्स अजूनही निर्दोष आहे. मी चार वेळा तपासली.

२० जानेवारी

पिशवीतून लेन्स काढली तर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला पाणी. आतल्या! पिशवी कोरडी, कपाट कोरडं, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंगही बदललेला नाही. उघडली. झूम लांबवताना लेन्स बाहेरची हवा ओढते, धूळ येते, हे मला ठाऊक आहे. पण पाणी? थेंबभर नाही, टेबल भिजलं. नदीचा वास. आणि बारीक काळी वाळू, काचांच्या मधे.

सगळी पुसली. काच न् काच. परत बसवली. हे एक काम मला येतं आणि ते माझ्याकडून कुणी हिसकावणार नाही.

किनुयोसान दाराशी उभ्या राहून बसचं वेळापत्रक वाचून दाखवत होत्या. मोठ्याने.

२१ जानेवारी

आता छातीपर्यंतच मावतो. दीडशेवर चौकट भरून.

पूल पाण्यापासून चांगला उंच आहे. तरी तो माझ्या डोळ्यांसमोर सरळ रेषेत. लेन्स जराही खाली वाकवलेली नाही. मग तो उभा कशावर आहे?

भीती वाटते. वाटते, लिहून टाकलं.  हातांना वाटत नाही. हात सोन्याचे आहेत.

त्याच्यामागे नदी दिसतच नाही आता. मला नदी हवी आहे. त्याने बाजूला व्हावं, एवढंच—

२२ जानेवारी

धुकं. काही दिसलं नाही. ना नदी, ना तो. पण लेन्सची पुढची काच वाफेने धरली. पुसली, परत धरली. बाहेरून. मी तोंड जवळही नेलं नव्हतं.

उद्या आकाश मोकळं होणार, रेडिओवर सांगितलं. कडाक्याची थंडी, वारा नाही. अशी सकाळ या हिवाळ्यात परत यायची नाही. किनुयोसान म्हणाल्या, उद्या पहिल्या बसने जा, मी पाया पडते. मी त्यांना म्हटलं, बारा वाजेपर्यंत परत येते, बटाटे उकडून ठेवा. लोणी जास्त.

२३ जानेवारी, पुलावर

पेन्सिलीने लिहिते आहे, शाई गोठते. वही कठड्यावर उघडी, एक हात कॅमेऱ्यावर, एक पेन्सिलीवर. मुद्दाम इथेच. काही झालं तर किनुयोसाननी स्वतःला दोष लावू नये. मी आपल्या पायाने आले.

ऊन यायला थोडा वेळ आहे. वाफ उठते आहे. पुलावर मी एकटी.

लेन्समध्ये काळोख. लेन्सवरचा ऊन अडवणारा हूड बघितला, टोपण बघितलं, काढलेलं आहे. नुसत्या डोळ्याने समोर काही नाही, कठडा आणि हवा. लेन्समधून काळं. रेघा आहेत— विणीच्या. लोकर. फोकस बसत नाही, मोटर कुरकुरते, पुढे मागे, पुढे मागे. इतकं जवळचं ही लेन्स घेत नाही. हाताच्या अंतरावरचं नाहीच घेत—

वळणावर आवाज. जोडी नाचते आहे. मला ऐकू येतंय आणि दिसत नाही!

नाही. पुरे झालं. मी मोठ्याने बोलले. काशिवादासान, म्हटलं, चार हिवाळे जागा तुमची होती, तुम्ही आला नाहीत. आता ती माझी आहे. मी सरणार नाही. तुम्हाला बघायचं असेल तर बघा, पण माझ्या समोरून व्हा बाजूला. माझ्या मागे उभे राहा!

लेन्स उजळली.

नदी. पूर्ण, वळणापर्यंत. ऊन आलं. दोन्ही क्रौंच हवेत, पंख उघडे, वाफ सोनेरी— काय दिसतंय हे. मामियासान, हे बघा, हे माझ्या डोळ्याने—

त्यांनी ऐकलं. मानेवर थंड. पाणी टपकतंय, कॉलरच्या आत. वाळूचा वास.

मान वळवणार नाही. आधी फोटो.

काढला. काढला! आणखी एक. हात स्थिर आहे. खांद्यावर काहीतरी ठेवलंय त्यांनी, जड, ओलं, तरी स्थिर—

त्यांनाही बघायचंय बहुतेक. व्ह्यूफाइंडरकडे झुकताहेत, माझ्याच गालावरून. एकच डोळा लावता येतो, काशिवादासान, मी हलणार ना—